फ्रीसिव्हमध्ये जगबुडीनंतरचा खेळ कसा बसवायचा

टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायच्या) स्ट्रॅटेजी खेळात जगबुडी आणायची म्हटलं की लोक आधी चित्रांच्या मागे लागतात. गंजलेल्या गाड्या, कवट्या, तोंडावर मास्क लावलेले शिपाई. टाइलसेट (नकाशाची चित्रं) रंगवण्यात सुट्ट्या जातात, आणि खेळायला बसलं की आत जुनाच खेळ निघतो: शहर वसवा, वाढवा, पुढचं वसवा. म्हणून माझा पहिला सल्ला असा की चित्रांना हातच लावू नका. हिशोबाला लावा. अशा खेळात दर टर्नला काही ना काही वाढत असतं. त्यातलं काय घटवायचं आणि घटायला लागल्यावर खेळाडूच्या हातात कोणता निर्णय उरतो, एवढंच ठरवायचं असतं. माघार घेणं हासुद्धा शहाणपणाचा डाव ठरला पाहिजे. तो ठरत नसेल तर तुमच्या खेळात जग बुडालेलंच नाही.

मी हे फ्रीसिव्ह या शहरं वसवायच्या खेळावर करतो, आणि कारणं साधी आहेत. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉम्प्युटर क्लास घेतो. लॅबमधली मशीन जुनी आहेत आणि ग्राफिक कार्ड हा शब्द तिथे कोणी काढत नाही. फ्रीसिव्ह तिथे बिनतक्रार चालतो. १९९५ मध्ये डेन्मार्कच्या ऑरहुस विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी तो लिहायला घेतला, आजही तो फुकट आणि खुला आहे. शिवाय त्याचे जवळजवळ सगळे नियम साध्या टेक्स्ट फाइलींत असतात. प्रोग्रॅमिंग न येणारा पोरगासुद्धा नोटपॅडमध्ये वाळवंट तयार करू शकतो. खाली सांगतोय ते ३.० आवृत्तीचं आहे. पुढच्या आवृत्त्यांत काही नोंदी एका फाइलीतून दुसरीत गेल्यात, तेवढं शोधून घ्यावं लागेल.

पाया

फ्रीसिव्हच्या डेटा फोल्डरमध्ये ‘क्लासिक’ नावाचं फोल्डर असतं. ते कॉपी करून स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये ठेवा (लिनक्सवर होम फोल्डरच्या आत लपलेलं फ्रीसिव्हचं फोल्डर, त्याच्या आत ३.०). नवं नाव द्या. माझ्या फोल्डरचं नाव ‘उजाड’ आहे, पण फोल्डरचं नाव रोमन लिपीतच लिहा. त्याच नावाची डॉट सर्व्ह फाइल शेजारी ठेवा आणि तिच्यात ‘रूलसेटडीर’ ही आज्ञा आणि फोल्डरचं नाव एवढी एकच ओळ लिहा. सर्व्हर चालू करून ही फाइल वाचायला सांगितली की तुमचे नियम लागू.

सिव्ह२सिव्ह३ हा रूलसेट (नियमांचा संच) जास्त मुरलेला आहे, तरी सुरुवात त्याच्यावर करू नका. त्याच्या इफेक्ट्सच्या फाइलीत एक नोंद हलवली की चार ठिकाणी परिणाम दिसतात आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही. क्लासिक बरा.

नावांबद्दल एक सोय सांगतो. प्रत्येक युनिटच्या (शिपाई, गाडी, विमान असा नकाशावर हलणारा मोहरा) नोंदीत ‘नेम’ आणि ‘रूल_नेम’ अशी दोन नावं देता येतात. पडद्यावर दिसतं ते नेम, आणि फाइली एकमेकींना हाक मारतात ती रूल_नेमने. नेम बिनधास्त देवनागरीत द्या, रूल_नेम इंग्रजीच ठेवा, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. ‘टँकर’, ‘भंगार’, ‘पडका वाडा’ अशी नावं पडद्यावर दिसायला लागली की पोरं खुर्ची ओढून जवळ येतात.

पाणी

सगळ्यात आधी पाणी बसवा. बाकीचं काहीच जमलं नाही तरी एवढ्यानेही खेळ पालटतो.

फ्रीसिव्हमध्ये पाणी नावाची वस्तूच नाही. पण विमानांसाठी ‘फ्युएल’ (इंधन) आहे. युनिट्स डॉट रूलसेटमध्ये युनिटच्या नोंदीत फ्युएल ३ लिहिलं, तर ते युनिट तीन टर्नच्या आत शहरात किंवा तळावर परतलं पाहिजे, नाहीतर संपलं. शून्य म्हणजे बंधन नाही. हा आकडा फक्त विमानांनाच द्यावा असं कुठेही लिहिलेलं नाही. पायदळाला ३ द्या, घोडेस्वाराला २ (घोडा माणसापेक्षा जास्त पितो), टेहळणीवाल्या एक्सप्लोररला ५. एवढ्या तीन आकड्यांनी नकाशा वेगळा दिसायला लागतो. काल ज्या माळावरून फौज सरळ चालत जायची, तिथे आज वाटेत पाणी कुठे आहे हे आधी बघावं लागतं.

मग पाणवठे. टेरेन डॉट रूलसेटमध्ये एक्स्ट्रा नावाच्या नोंदी असतात. नदी, ओॲसिस, एअरबेस हे सगळे एक्स्ट्राच. ज्या एक्स्ट्राच्या ‘फ्लॅग्ज’मध्ये (खास गुणांच्या यादीत) ‘रिफ्युएल’ लिहिलंय आणि ‘नेटिव्ह_टू’ यादीत तुमच्या युनिटचा वर्ग आहे, तिथे थांबलेल्या युनिटचं फ्युएल भरतं. नदीला आणि ओॲसिसला हा फ्लॅग द्या, आणि नेटिव्ह_टूमध्ये ‘लँड’ आहे ना ते तपासा. नंतर एअरबेसच्या दोन्ही नोंदी, म्हणजे एक्स्ट्राची आणि बेसची, कॉपी करून ‘विहीर’ बनवा. बांधायला वेळ भरपूर ठेवा. मी १२ ठेवलाय. आमच्याकडे विहीर एका उन्हाळ्यात होत नाही.

आता टँकर. २०१६ साली लातूर शहराला रेल्वेने पाणी आलं हे बहुतेकांना आठवत असेल. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली तेव्हा दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी मार्चमध्ये टँकर भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. त्या महिन्यांत शहर चालू राहिलं की नाही हे नळापेक्षा रस्त्यावर आणि रुळांवर ठरत होतं. खेळात हेच आणायचं, म्हणजे पुरवठ्याची वाट हीच खरी सरहद्द.

फ्रीसिव्हमध्ये दुसऱ्या युनिटवर चढलेल्या युनिटचंही फ्युएल भरतं (विमानवाहू जहाजासाठी केलेली सोय). त्यामुळे टँकर म्हणजे जमिनीवरून चालणारं वाहतूक युनिट. ‘ट्रान्सपोर्ट_कॅप’ २, ‘कार्गो’मध्ये लँड, आणि चढणाऱ्या शिपायांच्या नोंदीत ‘एम्बार्क्स’मध्ये टँकरचा वर्ग, म्हणजे गावाबाहेर कुठेही चढता येईल. हल्ला शून्य, संरक्षण १, चाल ३, टँकरचं स्वतःचं फ्युएल ६. वर्ग मात्र वेगळा करा आणि त्याला डोंगर, दलदल, जंगल बंद ठेवा. चित्रासाठी फ्रेटचा ट्रक आहेच, ग्राफिकच्या ओळीत ‘यू.फ्रेट’ लिहिलं की झालं.

दोन टँकर आणि चार शिपाई एवढी मोहीम आता महाग वाटायला लागते, आणि शत्रूने टँकर पाडला तर चौघांचा परतीचा हिशोब सुरू होतो. माझ्या क्लासमध्ये एकाने आख्खं युद्ध शत्रूच्या एकाही शहराला हात न लावता जिंकलं. मधल्या दोन विहिरी ताब्यात घेऊन तो नुसता बसून राहिला.

वर्कर्सना पाण्याची अट लावू नका. तार्किकदृष्ट्या लागली पाहिजे, मान्य. पण दर तीन टर्नला प्रत्येक कामगार पाण्यावर नेऊन आणणं हा खेळ नव्हे, हजेरीपट आहे.

भंगार

जुन्या जगाचे अवशेष गोळा करणं हा या प्रकारातला दुसरा मोठा आनंद. फ्रीसिव्हमध्ये ‘हट’ म्हणून झोपड्या असतात. युनिट आत शिरलं की सोनं, एखादी विद्या, भाडोत्री सैनिक किंवा लुटारू, असं काहीतरी निघतं. आपल्याला हे फुकटचं बक्षीस नको. सापडलेलं घरी आणायची कटकट हवी.

त्यासाठी ‘भंगार’ नावाचं युनिट बनवा. खर्च ६०, चाल १, हल्ला नाही, संरक्षण १, आणि ‘नोबिल्ड’ हा फ्लॅग, म्हणजे कोणत्याही शहरात ते बांधता येणार नाही. शिवाय ‘कॅप्चरेबल’ फ्लॅग. शिपायांना ‘कॅप्चरर’ द्या. आता स्क्रिप्ट डॉट लुआ उघडा (लुआ ही छोटी प्रोग्रॅमिंगची भाषा, एवढी एकच फाइल तिच्यात असते). ‘हट_एंटर’ या सिग्नलला (युनिट झोपडीत शिरलं की खेळ देतो ती सूचना) तुमचं फंक्शन जोडा. आत चार-पाच ओळींचंच काम आहे: रँडम १ ते १० काढा, ६ पर्यंत आला तर ‘एडिट.क्रिएट_युनिट’ने त्या टाइलवर (नकाशाच्या घरावर) मालकाचं भंगार ठेवा, ७ किंवा ८ आला तर लुटारू सोडा, ९ ला पूर्वीसारखी एखादी विद्या, १० ला काहीच नाही. प्रत्येक निकालाला ‘नोटिफाय.इव्हेंट’ने एक ओळ लिहा. शेवटी ट्रू परत करायला विसरू नका, म्हणजे मूळचं बक्षीस वाटणारं फंक्शन मागून चालत नाही.

युनिट शहरात आणून मोडलं की त्याच्या खर्चाच्या निम्मे शील्ड (बांधकामाचे गुण) त्या शहराच्या बांधकामाला मिळतात, हा फ्रीसिव्हचा जुनाच नियम आहे. म्हणजे भंगाराचं एक गाडं घरी पोचलं की ३० शील्ड. वाळवंटातल्या तीन माणसांच्या गावाला एवढं जमवायला दहाएक टर्न लागतात, तेव्हा लोभ सुटतोच. वाटेत ते कोणीही ताब्यात घेऊ शकतं. संथ गाडं, सोबत एखादा राखणदार, आणि डोंगराच्या कडेला शेजारचा घोडेस्वार उभा. तो मित्र आहे की नाही हे त्याच टर्नला कळतं. यासाठी वेगळी यंत्रणा लिहावी लागत नाही, सगळी आधीच आत आहे.

झोपड्यांची दाटी सर्व्हरच्या ‘हट्स’ सेटिंगने ठरते. दर हजार टाइलला किती, असा तो आकडा असतो. मूळचा १५ असतो, मी ४० करतो.

आणि सगळ्यात आवडतं ते आता. स्क्रिप्ट डॉट लुआमध्ये शहर नष्ट झालं की त्या टाइलवर ‘रुइन्स’ ठेवणारं छोटंसं फंक्शन असतं. रुइन्सच्या जागी ‘हट’ लिहा. बस्स. आता बुडालेलं प्रत्येक शहर म्हणजे नवा पडका वाडा. काल तुम्ही जिथे धरणाचं स्वप्न बघत होता तिथून उद्या शेजारी तुमचंच लोखंड उचलून नेतो. शहर बुडायला लढाईच हवी असंही नाही. धान्य संपलं की लोकसंख्या घटते, आणि एका माणसावर आलेलं शहर उपासमारीने नकाशावरून पुसलं जातं.

किरणोत्सार आणि थंडी

इथे फार लिहीत नाही, कारण अणुबॉम्बनंतरचा कचरा आणि अणुहिवाळा दोन्ही खेळात तयारच आहेत. ‘मॅप_जनरेटेड’ सिग्नलला एक फंक्शन जोडा. नकाशावर जमिनीच्या काही टाइल रँडमने निवडा, प्रत्येकीभोवती ‘सर्कल_इटरेट’ने वर्तुळ घ्या, समुद्र सोडून बाकी टाइलवर ‘फॉलआउट’ (तोच किरणोत्सारी कचरा) ठेवा. मधल्या टाइलवर एक हट ठेवली तर आणखी बरं, म्हणजे आत जायला कारण राहील. फॉलआउटची टाइल मूळ नियमात निम्मं उत्पन्न देते. इफेक्ट्स डॉट रूलसेटमध्ये ‘आउटपुट_टाइल_पनिश_पीसीटी’ शोधून ५० चे ७५ करा, आणि टेरेनच्या फाइलीत ‘क्लीन_फॉलआउट_टाइम’ चौपट करा. साफसफाई पटकन होत असेल तर तो फक्त कचरा राहतो.

सर्व्हर दर टर्नला फॉलआउटच्या टाइल मोजतो. पातळी ओलांडली की अणुहिवाळ्याचा धोका साठत जातो, आणि हिवाळा आला की जमिनीचे प्रकार बदलतात. काय कशात बदलेल ते प्रत्येक जमिनीच्या नोंदीतल्या ‘कूलर_वेटर_रिझल्ट’ आणि ‘कूलर_ड्रायर_रिझल्ट’ या ओळी ठरवतात. आसपास पाणी असेल तर वेटर, नसेल तर ड्रायर. तुम्ही सुरुवातीलाच फॉलआउट पेरलाय, म्हणून हिवाळा लवकर येणार हे धरून चला. ड्रायरच्या ओळीत मी गवताळ जमिनीचं मैदान आणि मैदानाचं वाळवंट केलंय. मैदानाला १ फूड, वाळवंटाला शून्य, आणि माणूस दर टर्नला २ खातो. गणित इथेच संपतं.

आपत्तींची यादी गेम डॉट रूलसेटमध्ये आहे. मूळच्या भूकंपाच्या नोंदीत शेजारी टेकडी असण्याची अट असते. ती मी काढून टाकली. किल्लारी कुठल्या डोंगराच्या कुशीत नव्हतं, आणि ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडे अजून सांगितली जाते. तिथेच ‘दुष्काळ’ नावाची नवी नोंद घाला, परिणाम ‘एम्प्टीफूडस्टॉक’, अट अशी की शेजारी वाळवंट हवं. सर्व्हरचं ‘डिझास्टर्स’ सेटिंग मात्र १० वरून फार वर नेऊ नका. दर दोन टर्नला कोसळणारं संकट कोणी मनावर घेत नाही.

विसरत जाणारी विद्या

या खेळांत शोध एकदा लागला की कायमचा. जगबुडीनंतर तसं कसं चालेल? गेम डॉट रूलसेटच्या रिसर्च विभागात ‘टेक_अपकीप_स्टाइल’ आहे, तिथे ‘बेसिक’ लिहा. मग तुमच्याकडे विद्या जितक्या जास्त, तितके जास्त बल्ब (संशोधनाचे गुण) दर टर्नला त्या टिकवण्यातच जातात. उधारी किती चालवून घ्यायची ते ‘टेकलॉसफरगिव्हनेस’ या सर्व्हर सेटिंगवर आहे. उणे १ म्हणजे विद्या कधीच जात नाही, ० म्हणजे तूट पडली की गेली.

सोबत ‘टेकलेव्हल’ १५ च्या आसपास द्या. सुरुवातीच्या इतक्या विद्या प्रत्येकाला रँडमने मिळतात. एकाकडे पूल बांधायची अक्कल, दुसऱ्याकडे छापखान्याची, आणि दोघांकडेही ती टिकवायला पुरेशी माणसं नाहीत. अशा वेळी तह करून विद्या देणंघेणं अचानक महत्त्वाचं होतं, आणि ग्रंथालय ही आधी कंटाळवाणी वाटणारी इमारत पहिल्या वीस टर्नमध्ये बांधावी लागते. पण या भागाची चव सगळ्यांना आवडत नाही. काही पोरं चिडतात, कमावलेलं का जातं म्हणून. त्यांच्यासाठी फरगिव्हनेस २०० ठेवून बघा. आणि हा भाग पाण्याचं गणित जमल्यावरच चालू करा, दोन्ही एकदम नको.

लुटारू

सर्व्हरचं ‘बार्बेरियन्स’ सेटिंग ‘फ्रीक्वेंट’वर न्या आणि ‘ऑनसेटबार्ब्स’ ६० वरून २५ वर आणा. कोणती युनिटं लुटारूंची हे युनिट्स फाइलीतल्या ‘रोल्स’ ठरवतात. ‘बार्बेरियन’, ‘बार्बेरियनटेक’, ‘बार्बेरियनलीडर’ हे रोल तुम्हाला हव्या त्या युनिटांना द्या. लुटारूंच्या युनिटांचं फ्युएल शून्य ठेवा. त्यांना पाणी कुठे मिळतं हे विचारू नका, त्यांना माहीत असतं.

चाचणी

स्वतः खेळून तपासायला बसलात तर दिवाळी येईल. सर्व्हरला ‘एआयफिल’ ५, ‘मिनप्लेयर्स’ ०, ‘टाइमआउट’ उणे १ आणि ‘एंडटर्न’ १२० द्या, आणि स्टार्ट. संगणक आपापसात खेळून काही मिनिटांत निकाल देतो. ‘मॅपसीड’ आणि ‘गेमसीड’ (नकाशा आणि रँडम निकाल ज्यावरून ठरतात ते आकडे) दोन्ही ठरवून ठेवा, म्हणजे एक आकडा बदलल्यावर काय फरक पडला ते त्याच नकाशावर बघता येईल. १२० व्या टर्नला किती शहरं उरली एवढाच एक आकडा मी लिहून ठेवतो. ६० व्या टर्नपेक्षा तो थोडा कमी यायला हवा. फार कमी आला तर आधी फॉलआउट घटवा, विहिरींचा वेळ तसाच ठेवा. रूलसेट उघडलाच नाही तर घाबरू नका. सर्व्हर कोणत्या फाइलीत काय खटकलं ते सांगतो, बहुतेकदा स्वल्पविराम नाहीतर अवतरण चिन्ह राहिलेलं असतं.

संगणकाकडून फार अपेक्षा मात्र नको. तुमची लुआ तो वाचत नाही. भंगार घरी न्यायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, त्यामुळे त्याची गाडी जिथे सापडली तिथेच उभी राहते आणि तुम्हाला आयती मिळते. हा रूलसेट माणसांनी माणसांविरुद्ध खेळायचा आहे. लॅनवर चौघं पुरेत, नकाशा छोटा ठेवा, आणि ‘व्हिक्टरीज’मधून अवकाशयानाचा विजय काढून टाका. प्यायला पाणी नाही तिथे यान कसलं सोडता.

वाटायचं असेल तर फोल्डर आणि सर्व्ह फाइल झिप करून द्या. मूळ फाइली जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहेत, तेव्हा तुमच्या बदललेल्या फाइलीही त्याच परवान्याने द्याव्या लागतात. रीडमीमध्ये आवृत्ती ३.० लिहा. दुसऱ्या आवृत्तीवर हा रूलसेट तसाच उघडत नाही. नव्या आवृत्तीसाठी ‘फ्रीसिव्ह-रूलअप’ हे सोबत येणारं साधन फाइली बरंचसं बदलून देतं, पण लुआची फाइल स्वतःच तपासावी लागते.